मुखत्याराची सही

हौसाक्काचा नवरा सकाळी दहाला गेला. तिनं अजून कुणाला हाकसुद्धा मारली नव्हती, तोवर तिच्या दिराचा, धोंडबाचा, फोन आला.

धोंडबा बसला होता तालुक्याला, दस्तनोंदणीच्या कचेरीत. बायकोला न विचारता नवऱ्यानं राहतं घर विकायचं मुखत्यारपत्र भावाच्या नावानं करून दिलं होतं, आणि आज खरेदीखतावर धोंडबाचीच सही व्हायची होती.

"वैनी, दादा कसा हाय?"

"गेलं की रं," हौसाक्का म्हणाली.

तिकडं धोंडबा कुजबुजला, "आता रडू नगंस. सायेब इचारत्यात, मालक हयात हाय का? न्हाई म्हटलं की माझी सही बाद. मी फोन स्पीकरला टाकतो, तू निस्तं 'झोपल्यात' म्हण. तुला एक खोली भाड्यानं बघून देतो."

या दोघा भावांनी सांगावं आणि हौसाक्कानं मान डोलवावी, अशी चाळीस वर्षं गेली होती.

"टाक स्पीकरला," ती म्हणाली.

आणि "मालक, मला सोडून गेलासा वो!" असा टाहो फोडला, की कचेरीतले शिक्के म्हणे टेबलावरून उड्या मारून खाली पडले. साहेबांनी पेनाला टोपण लावलं आणि कागद धोंडबाच्या अंगावर भिरकावले.

टाहो ऐकून गल्लीतल्या बाया धावल्या. "किती जीव हुता गं नवऱ्यावर!" म्हणत त्यांनी डोळे पुसले.

हौसाक्कानं नवऱ्याच्या तोंडावरून हात फिरवला. उभ्या संसारात तो आज पहिल्यांदा तिच्या कामी आला होता.