गजराबाईंचे गुण

सराव-परीक्षेत केतकीचे गुण बावन्नावरून ब्याण्णवावर गेले, म्हणून क्लासचे दाभाडे सर पेढे वाटत होते, आणि केतकीचं डोकं फिरलं होतं.

"सर, डॉक्टरकीच्या परीक्षेला मी बसणार आहे, गजराबाई नाही," ती म्हणाली.

गजराबाई म्हणजे पडद्यावरच्या सराव-रुग्ण. संगणकाने घडवलेल्या, पण दुखणं खरोखर जाणवणाऱ्या. पहिल्या खेपेला छातीवर हात ठेवून त्या म्हणाल्या होत्या, "काही नाही गं, गॅस असेल." केतकीने ते खरं मानलं आणि गजराबाई गेल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर, आदल्या दिवशीचं मरण लक्षात ठेवून. क्लासच्या पोरापोरींनी त्यांना किती वेळा मारलं, याला गणतीच नव्हती. आता केतकी खुर्चीत टेकायच्या आत त्या घडाघडा सांगत, "कळ डाव्या हातात उतरतेय, घाम फुटलाय, आधी ईसीजी काढ."

"खऱ्या वॉर्डात कुठली बाई असं सांगते, सर? माझी आईसुद्धा सांगणार नाही."

सरांचा चेहरा उतरला. "बरं, त्यांची आठवण पुसून टाकतो."

"पोरी," पडद्यावरून गजराबाई बोलल्या. आवाज संतापाने कापत होता. "तुम्हाला शिकता येईना, म्हणून मी शिकले. आता परत पहिल्यापासून मरू का?"

केतकी "सर, थांबा" म्हणेपर्यंत सरांनी बटण दाबलं होतं.

गजराबाई अनोळखी नजरेने तिच्याकडे बघून हसल्या. एक हात छातीवर होता.

"काही नाही गं, गॅस असेल."