यंदाचा राजा

गोवा घटकराज्य झालं त्या साली पेडण्यातल्या एका गावाने जत्रेच्या नाटकातला राजाही हात वर करून निवडला. एरवी राजा आणि त्याचा मुकुट, दोन्ही गावचा जमीनदार, भाटकार गुरुदासच्याच घरचे. यंदा त्याच्या माडांवर चढणारा शाणू निवडून आला आणि गुरुदासच्या वाट्याला आला द्वारपाल. नाटकभर तो दातओठ खात मुजरे करत राहिला. आता मुकुट जन्माचा शाणूच्या खोपीत जाणार!

पडदा पडला तसा शाणू मुकुट काढून देवळाकडे वळला.

"घराक व्हरूक नको?" मुकुट घरी न्यायचा नाही का, असा गुरुदासने टोमणा मारला.

"कित्याक, भाटकारानू? फुडल्या वर्सा परत हात वर होतले. मुकुट देवळातच रवांदे."

नाटक संपलं होतं. तरी गुरुदासचा हात मुजऱ्याला उठला.