प्रयागबाईंची पात

वाळत घातलेली कांद्याची पात पुन्हा पिवळी पडली होती. सुमतीनं गच्चीवरचं फडकं गोळा केलं आणि चिमूटभर पात चुरून नाकाशी नेली. वाळल्या गवताचा वास आला.

"फेकून दे वं," जिन्यात उभ्या शोभाताई म्हणाल्या. "आईची पात आषाढापर्यंत बरणीत हिरवीगार राहे. हे तं बकरीपण नाही खायची."

शोभाताई सुमतीची नणंद. धरमपेठेत दुसऱ्या मजल्यावर त्यांचं बिऱ्हाड होतं. दिवाळीनंतर त्यांची आई, प्रयागबाई, गेली, तेव्हापासून त्या दर रविवारी प्रताप नगरला येत आणि आधी स्वयंपाकघरात डोकावत.

"बाबा अर्धी भाकर ठेवून उठतात. आईच्या हातचं सुटलं, दुसरं काय? कांदेनवमीपर्यंत पाहते. तोवर त्यांच्या तोंडाले चव नाही आली तं मी त्यांले घेऊन जाते."

सुमतीनं फडकं झटकलं. वरच्या मजल्यावर सासऱ्यांना माती कुठून मिळणार? शाळेतून निवृत्त झाल्यापासून वामनराव सकाळी कांद्याच्या वाफ्याशी खुर्ची टाकून वाचत बसत. सुमतीचा नवरा, मुकुंद, खापरखेड्याच्या वीज केंद्रात होता. आठवड्यातून एकदा घरी यायचा. सासरे गेले की एवढ्या घरात तिला सोबत भिंतींचीच.

प्रयागबाईंची पात लेआउटमधल्या साऱ्या घरांत नावाजलेली. थंडीभर वाफ्यातली पात वरून कापायची, कांदा मातीत तसाच ठेवायचा, की पुन्हा फूट यायची. चैत्रातली शेवटची कापणी वाळवून बरणीत जायची आणि आषाढात कांदेनवमीला निघायची. त्या दिवशी झुणका-भाकरीला शेजारपाजार जमे. नंतर चार महिने घरात कांदा नाही.

कोणी वाखाणलं की प्रयागबाई पदराला हात पुसत. "माझ्या हातात काय आहे जी," म्हणत. बायका म्हणत, पाहा, किती साधी बाई.

पण त्यांनी कृती कोणाला दाखवली नाही. भर दुपारी मागच्या खोलीत पात नेत आणि दार लावून घेत. दृष्ट लागते, म्हणत. आत वामनराव तेवढे असत. तीच एक खोली थंड, वाचायला बरी. त्यांनी परत केलेली पुस्तकं हुंगून ग्रंथपाल म्हणायचा, "गुरुजी, तुमच्याकडं कादंबरीलेपण फोडणी देतात का?" वामनराव लाजून दुसरं पुस्तक शोधू लागत.

घरात ते पाण्याचा पेलासुद्धा मागून घेत. चारचौघांत बायकोचं नाव त्यांनी कधी घेतलं नाही. ती कायम 'शोभाची आई'.

त्या संध्याकाळी सुमतीनं त्यांनाच विचारलं.

"मामाजी, तुम्ही तं तिथंच असायचे. आई पात कशी वाळवत?"

वामनरावांनी पुस्तकात बोट ठेवलं. "मी वाचत असे," ते म्हणाले. मग पुस्तक मिटत, "उन्हात नव्हती टाकत बहुतेक. सावलीत. फडक्यावर पातळ पसरून. असं मले वाटते. माझ्या सांगण्यावर जाऊ नको."

वाफ्यात एकच कापणी उरली होती. ऊन असं होतं की पाणी घातलं तरी पातीची टोकं जळत. सुमतीनं ती कापली, धुतली, चिरली आणि मागच्या खोलीत फडक्यावर पसरली. वर भिंतीवर प्रयागबाईंचा फोटो होता. "आई, एवढी वाळू द्या," ती म्हणाली.

दुपारची लू सुरू झाली. वामनराव नेहमीसारखे पुस्तक घेऊन त्या खोलीत जात. झळ येते म्हणून दार लावून घेत. सुमती बाहेरच्या खोलीत आडवी होई.

पात वाळली. हिरवीच राहिली. सुमतीनं ती बरणीत भरली, वर ताटली ठेवली आणि फोटोला मोगऱ्याची फुलं वाहिली.

कांदेनवमीला शोभाताई सकाळीच आल्या. फळीवरून बरणी उतरवली आणि थबकल्या. बरणीच्या तोंडावर पांढरं फडकं होतं, त्यावर सुतळी, आणि सुतळीला ती उलटी, चिवट गाठ.

"आईची गाठ," त्या हळूच म्हणाल्या. "दातानंपण सुटत नसे. हे तुले कधी शिकवलं वं तिनं?"

सुमतीनं बरणीकडं पाहिलं. तिनं फडकं बांधलं नव्हतं. तिनं तर वर नुसती ताटली ठेवली होती.

झुणका पानात पडला. वामनरावांनी एक भाकर संपवली, दुसरी मागितली. शोभाताईंनी पहिला घास घेतला आणि डोळ्यांना पदर लावला.

"हात आईचाच आहे," त्या म्हणाल्या. "कसा आला तुझ्या हाती, माहीत नाही. राहू दे बाबांले इथंच."

वामनराव पानात पाहत होते. "मीठ बरोबर आहे," एवढंच म्हणाले.

सुमतीनं त्या दिवसापासून फोटोसमोर रोज दिवा लावायला सुरुवात केली. सासूबाई घरात आहेत, असं तिला मनापासून वाटायचं. गाठीबद्दल ती मुकुंदशीही बोलली नाही.

पुढल्या चैत्रात वाफा भरगच्च आला. सुमतीनं शेवटची पात कापून, धुऊन मागच्या खोलीत नेऊन ठेवली. जेवणानंतर चिरू म्हणाली. दुपारी ऊन फार तापलं. सासऱ्यांना ताक द्यावं म्हणून ती पेला घेऊन गेली. दार नुसतं लोटलेलं होतं. तिनं खांद्यानं ढकललं.

पुस्तक खाटेवर पालथं पडलं होतं. वामनराव दाराकडं पाठ करून विळीवर बसले होते, धोतर गुडघ्यांवर खोचून. पात भराभर चिरली जात होती, सगळी एका मापाची. फडकं अर्धं भरलं होतं.

दाराची चाहूल त्यांना लागली. हात थांबला नाही, मान वळली नाही.

"प्रयागे, दार लाव वं," ते म्हणाले. "कोणी पाहीन."