बाबांचा गळा

शिंपीकाम करणारे सासरे मशीनवर बसले की देवाचं नाव आळवायचे, आणि सून चारचौघींत मिरवायची, “आमच्या बाबांचा गळा मोकळा आहे ना, मग घराला कसला घोर!”

आज ती त्यांच्या कंबरेचं औषध आणायला गेली, तर डॉक्टर म्हणाले, “गाण्यात जीव रमला की मेंदूच्या बुंध्यातून पाठीच्या कण्याला हुकूम सुटतो, दुखणं वर येऊ देऊ नकोस. म्हणून तर कळ आली की बाबा गातात. ‘सूनबाईला सांगू नका, ऐकून खूश असते बिचारी,’ असं म्हणाले मला.”

ती लगबगीनं घरी आली. शेजारीण दारातच कौतुकानं म्हणाली,



“बाबांनी आज कमाल केली हो! सकाळपासून गाताहेत, घोटभर पाण्यालाही थांबले नाहीत.”