दोन मिनिटांचं काम

“उघड,” दादा म्हणाला.

चावीवाला खोलीच्या बंद दारापुढे उभा होता. दादाची पाच माणसं त्याच्याभोवती. गल्लीतल्या खिडकीखिडकीत डोकी दिसत होती, पण कुणाच्या तोंडून ब्र निघत नव्हता.

या खोलीत रोज पाच वाजता दहाबारा जण प्रार्थनेला बसायचे. दादाला ते खुपत होतं. पहिल्या धमकीतच बाकीचे गारठले, किल्ली सांभाळणारे गुरुजी लेकीच्या गावाला पळाले. उरला हा चावीवाला एकटा. रोज पाचला यायचा, बंद दारापुढे बसायचा आणि जायचा.

“आम्ही कुलूप तोडलं तर उगाच बोभाटा होतो,” दादा म्हणाला. “तुमच्यातल्याच माणसानं उघडलं की विषय संपला. तू उघड, सामान बाहेर टाक आणि या सगळ्यांसमोर म्हण, देव नाही. मग घरी जा. तुझी टपरी तुला लखलाभ.”

“आणि नाही म्हटलं तर?”

“तर टपरी नाही. आणि ही बोटं परत किल्ली घासणार नाहीत.”

चावीवाल्याच्या मेव्हण्याने हे ऐकलं. शेजारचं इस्त्रीचं दुकान त्याचं. दादाच्या अंगावरचा कडक शर्ट सकाळी त्यानेच करून दिला होता. हातातलं काम टाकून तो धावत आला.

“दाजी, कुणाशी पंगा घेताय? उघडा की! दोन मिनिटांचं काम. देव काय कुलपात राहतो होय?”

“नाही राहत. पण ‘देव नाही’ म्हणू, आणि उद्या त्याच तोंडानं त्याला हाक मारू?”

“अहो, वरवर म्हणायला काय जातंय? ताईचा तरी विचार करा!”

“तिला सांगूनच आलोय. ती म्हणाली, जेवायला उशीर करू नका.”

मेव्हण्याने कपाळावर हात मारून घेतला. बहीणही तसलीच! दोघांनी मिळून सगळ्या घराला फासावर चढवायचं ठरवलंय म्हणायचं.

तेवढ्यात दादाने चावीवाल्याच्या कानाखाली सणसणीत वाजवली. चष्मा उडून गटाराशी पडला. मेव्हण्याने तो उचलला, शर्टाला पुसला आणि पुढे केला. चावीवाल्याने तो डोळ्यांवर चढवला. दाराकडे हात मात्र नेला नाही.

“आणा रे पहार!” दादा ओरडला.

तिसऱ्या घावाला कुलूप तुटून पडलं. कडी तेवढी शाबूत राहिली. सगळे आत घुसले. चार चटया, भिंतीवर एक घड्याळ, बस्स. फोडण्यासारखं काही सापडेना, म्हणून एकाने घड्याळच ओढून खाली आपटलं.

“कुठे लपलाय रे तुझा देव?”

 चावीवाल्याने चपला बाहेर काढल्या, आत गेला, एक चटई अंथरली आणि डोळे मिटून बसला. पाच वाजले होते.

इतक्या खिडक्यांदेखत दादाचा चेहरा लालबुंद झाला. “बसू दे भडव्याला! कुलूप आणा. ‘देव नाही’ म्हणेल तेव्हाच दार उघडायचं. तोवर पाण्याचा थेंब नाही!”

एक जण चावीवाल्याच्याच टपरीवरून सगळ्यात मोठं कुलूप घेऊन आला. ते लावलं, किल्ली दादाच्या खिशात गेली आणि मंडळी निघून गेली. पहारा ठेवायची गरज नव्हती. दादाच्या कुलपाला हात लावेल अशी कुणाची छाती होती या गल्लीत?

मेव्हणा दुकानात गेला.  हा माणूस मरणार, आणि बहिणीला तोंड दाखवायला मला जागा नाही राहणार, असं सारखं मनात येत होतं. त्याने एक हँगर काढला, त्याची तार सरळ केली आणि परत येऊन दाराच्या फटीला तोंड लावलं.

“दाजी, तार आणलीय. कुठे घालू, कशी फिरवू, तेवढं सांगा. लवकर!”

आतलं पुटपुटणं चालूच होतं. त्याने पुन्हा हाक मारली. पुटपुटणं थांबलं.

“थांब जरा,” आतून आवाज आला. “अजून अर्धीच झालीय.”

मेव्हण्याने दोन्हीकडच्या खिडक्यांकडे पाहिलं. मग हातातली तार न लपवता, सगळ्यांना दिसेल असा, तो पायरीवर बसून राहिला.