बिनसहीचा लेख

रॉबर्टाची टीव्हीवरच्या राजकीय चर्चेतली खुर्ची गेली असती, तरी ती डेलला मिळणार नव्हती. पण दर रविवारी सकाळी तिला तिथे बसलेली बघावं लागणार नाही, एवढा फायदा त्याला पुरेसा होता. एकेकाळी मॅडिसन शहरात दोघांनी मिळून उदारमतवादी ब्लॉग चालवला होता. लेखांखाली कुणाचंच नाव नसे. आता तिला सगळी अमेरिका ऐकत होती आणि डेलच्या नव्या ब्लॉगला चारशे बारा वाचक होते, त्यातली एक त्याची मावशी.

त्या जुन्या ब्लॉगच्या लेखांत त्याला इराक युद्धाची बाजू घेणारा एक मथळा दिसला. पुढे वाचतो कोण? "बघा तुमच्या लाडक्या बाईंचे रंग!" असं लिहून त्याने तो लेख आपल्या ब्लॉगवर टाकला. लाखभर लोकांनी मथळ्यावरूनच पुढे पाठवला.

रविवारी निवेदकाने थेट विचारलं, "हे तुम्ही लिहिलंत?"

रॉबर्टा म्हणाली, "हो, मीच. चुकलंच माझं."

दुसऱ्या दिवशी वाहिनीने तिला नारळ दिला. डेलने सांत्वनाला म्हणून फोन केला. "वाईट झालं गं. पण असलं लिहिलंस तरी कशाला?"

"शेवटपर्यंत वाच ना एकदा."

त्याने वाचलं. 'माझा धाकटा भाऊ उद्या तिकडे निघतोय. त्याची लढाई चुकीची, असं मी कुठल्या तोंडाने म्हणू?'

"मला भाऊ नाही, डेल," ती म्हणाली. "तुझ्या भावाबद्दल तुला कुणी टीव्हीवर विचारावं, असं वाटलं नाही रे मला."

त्या युद्धाची किंमत भावाने जीव देऊन चुकवली होती, आता त्या लेखाची रॉबर्टाने. डेलचे वाचक मात्र नऊ हजारांवर गेले होते.