टाळायचे शब्द

"'त्यानं तिचं डोकं भिंतीवर आपटलं. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा भिंतीला केस चिकटून राहिले. मग त्यानं तिच्या छातीवर गुडघा रोवला. आत बरगडी मोडली, वाळकी काडी मोडावी तशी. ती ओरडू नये म्हणून त्यानं तिच्या तोंडात...'"

"बास, मावशी, बास!" शिवराजनं हात वर केला. "कळलं. इथंच थांबा."

साळूबाईनं पुस्तक मिटलं. अंगणवाडीत नोकरी केलेली, बजाजनगरात राहणारी पन्नाशीची बाई. तिनं कादंबरी लिहिली, पदरच्या पैशानं छापली आणि गठ्ठे पलंगाखाली पडून राहिले. असले गठ्ठे हलवणं हाच शिवराजचा धंदा. वाचक मोबाइलवर काय शोधतो ते त्याला तोंडपाठ. औरंगपुऱ्यातल्या त्याच्या ऑफिसचा जिना लेखकांनी पार झिजवला होता.

"पुस्तक घरी नेऊन वाचा की दादा," साळूबाई म्हणाली.

"मी कुणाचंच वाचत नसतो. तुम्ही गोष्ट सांगितली, तेवढी पुरे."

लेखकांना याचा लई राग यायचा. पण पुस्तकं खपत होती, मग बोलणार कोण?

"तुमच्याआधी तिघांकडं जाऊन आले," ती म्हणाली. "लेकीच्या वहीत चार नावं होती. असलं काम करणाऱ्यांची."

"लेकही लिहिते?"

"लिहायची."

शिवराज पाणी प्यायला आणि कामाला लागला. "हे बघा मावशी. वाचकाला तुमचं नाव माहीत नाही, पुस्तकाचंही नाही. तो शोधणार 'थरारक मराठी कादंबरी'. शोधणार 'एका बैठकीत संपणारं पुस्तक'. पुस्तकाच्या जाहिरातीचा एक व्हिडिओ करून मोबाइलवर टाका. हे शब्द त्या व्हिडिओत पाहिजेत, व्हिडिओच्या खाली पाहिजेत."

"लासूर स्टेशन टाकू का? तिथल्याच कांद्याच्या गोदामात मारतो तो तिला."

"लासूर कशाला? कुत्रं तरी शोधतं का लासूर? आपल्याला पुण्या-मुंबईचा वाचक पाहिजे. गावाचं नाव सगळीकडून काढा."

"मला ढीगभर वाचक नकोत दादा. एकच पाहिजे. ज्याच्यासाठी लिहिलं त्याला सापडलं, की माझं काम झालं."

तिचा आवाज शांत होता. तिचे हात मात्र टेबलावर मुठी वळून पडले होते. जाडजूड, राबलेले हात. शिवराजची नजर पुन्हा पुन्हा तिथं जात होती.

"एवढं बारीक कसं लिहिलंत हो? बरगडीबिरगडी?"

"हात लावून बघितलंय."

"काय?"

"कोंबडी कापताना, दादा!" साळूबाई हसली. शिवराजही हसला, पण जरा उशिरा. एसी चालू होता, तरी त्यानं कपाळ पुसलं.

"खरं सांगा मावशी, कुणाला मारलंबिरलंय का?"

"अजून नाय," साळूबाई म्हणाली. "यादी तेवढी हातानं लिहून द्या. मोबाइलवर मला दिसत नाय."

त्यानं पिवळा कागद ओढला, मधोमध रेघ मारली. डावीकडं वापरायचे शब्द, उजवीकडं टाळायचे.

"रक्तामांसाचं काही दिसलं की ॲप व्हिडिओ दाबून टाकतं. मग तुम्ही कुणालाच सापडत नाही. म्हणून हे शब्द चुकूनसुद्धा बोलायचे नाहीत." त्यानं भराभरा लिहिलं. खून, रक्त, प्रेत, मोडलेली बरगडी, तोंडात कापूस, गोदाम, लासूर. लासूरखाली दोन रेघा मारल्या. खाली तारीख टाकून झोकात सही केली. आपल्या प्रत्येक यादीवर तो सही करायचाच.

साळूबाईनं यादी वाचली. परत वाचली. मग कागदाची घडी करून पुस्तकात ठेवली. जाताना जिन्यावर ती कठडा धरून बराच वेळ उभी होती.

आठ दिवसांनी भरदुपारी ती परत आली, तेव्हा शिवराज नुसता पेटलेला होता.

"मी काय सांगितलं होतं? व्हिडिओत सात वेळा लासूर म्हणालात तुम्ही! सात वेळा! अर्धा जिल्हा बघतोय तो व्हिडिओ!"

"मग चांगलंच झालं की. सापडायला लागलं पुस्तक."

"काढा तो! आत्ता काढा!"

"नाय काढणार."

शिवराजनं ग्लास भिंतीवर फेकला. टेबलाला वळसा घालून तो आला आणि त्यानं साळूबाईचं मनगट असं पिरगाळलं, की दोन बांगड्या फुटून कातडीत घुसल्या. रक्ताची धार कोपरापर्यंत आली. ती त्याच्या तोंडाकडं बघत राहिली. इतकं जवळून तिला ते तोंड बघायचंच होतं.

"सोडा दादा. खाली दोघं थांबलेत, चहा पितायत. त्यांच्याच गाडीतनं आले मी. तुमच्या यादीचा कागद त्यांच्याकडंच दिलाय. लई आवडला त्यांना."

शिवराजनं हात सोडला. धापा टाकत खुर्चीत बसला. "सॉरी मावशी. कामाचं टेन्शन आहे. ज्याला सापडायचं होतं, त्याला सापडलं का मग?"

"व्हय." तिनं रक्ताळल्या हातानं पुस्तक पुढं सरकवलं. "त्या दिवशी तुम्ही मला मधीच थांबवलं. आता तरी वाचा. पान एकशे बारा."

त्यानं पान काढलं. ओळीखाली पेनानं रेघ मारलेली होती. 'ती ओरडू नये म्हणून त्यानं तिच्या तोंडात तिचीच ओढणी कोंबली.'

"मग? याचं काय?"

जिन्यावर पावलं वाजायला लागली होती.

"कापसाचा बोळा होता, दादा. पोलीस यायच्या आधी माझ्या लेकीच्या तोंडातनं मी या हातानं काढला," साळूबाई म्हणाली. "अख्ख्या पुस्तकात मी तो कुठंच लिहिला नाय. लिहिला तुम्ही."